अभिजात धारित्र-ध्वनिग्राहक आणि त्यांच्या स्वस्त प्रतिकृती

पुणे शहराचा ध्वनिमुद्रणाशी असलेला संबंध जुना आहे. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापुराहून पुण्यास आली. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले. आणि प्रभातच्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूटची स्थापना होऊन ध्वनिलेखन हा रीतसर शिक्षणाचा विषय झाला. या सर्व काळात उत्तम प्रतीचा धारित्र-ध्वनिग्राहक ही संस्थेची मालमत्ता असे. तो कपाटात कुलूपबंद राही आणि त्याची नोंद जडवस्तुसंग्रहाच्या वहीत होई. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ही स्थिती पालटली आहे. संगीताचा विद्यार्थी, बोलीभाषांचा अभ्यासक, घरातील एका खोलीत ध्वनिमुद्रण करणारा हौशी तंत्रज्ञ, यांपैकी कोणाही जवळ आज एखादा ‘यू ८७ सारखा’ किंवा ‘यू ४७ सारखा’ म्हणून विकला जाणारा ध्वनिग्राहक असतो. मूळ जर्मन उपकरणाच्या किमतीत अशा पाच-सहा प्रतिकृती सहज येतात. अगदी साध्या प्रतिकृती तर त्याहूनही पुष्कळ स्वस्त आहेत.

हे ‘सारखेपण’ नेमके कशात आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे. प्रश्न केवळ खरेदीचा नाही. वृद्ध गायकाची एखादी चीज किंवा लोपत चाललेल्या बोलीतील एखादे कथन एकदाच मुद्रित होते, आणि नंतरच्या अभ्यासकाच्या हाती मूळ ध्वनी येत नाही. ध्वनिग्राहकाने जे दिले तेवढेच येते. उपकरणाने त्यात काय मिळवले आणि काय गाळले, हे ठाऊक नसेल तर उपकरणाचा गुणधर्म हा गळ्याचा अथवा बोलीचा गुणधर्म म्हणून नोंदला जाण्याचा धोका असतो.

धारित्र-ध्वनिग्राहकाचे तत्त्व सोपे आहे. अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत ई. सी. वेंट यांनी १९१६ च्या सुमारास ते प्रथम उपयोगात आणले. एक अतिशय पातळ, विद्युत्‌वाहक पटल आणि त्याच्या पाठीमागे अगदी जवळ बसविलेली धातूची पट्टिका मिळून एक धारित्र बनते. त्यावर फार मोठ्या रोधातून स्थिर विद्युत्‌ दाब दिलेला असतो. रोध मोठा असल्यामुळे धारित्रावरील विद्युत्‌भार क्षणोक्षणी बदलू शकत नाही. मग पटल हालले की पटल-पट्टिकेतील अंतर बदलते आणि त्या अंतराच्या प्रमाणात विद्युत्‌ दाब बदलतो. हा बदल म्हणजेच ध्वनीची विद्युत्‌ प्रतिमा होय.

येथील परिमाणे ध्यानात घेण्याजोगी आहेत. मोठ्या पटलाच्या कॅप्सूलमध्ये पटल आणि पट्टिका यांमधील अंतर सुमारे ४० मायक्रोमीटर असते, आणि पटलाची जाडी साधारणपणे ६ मायक्रोमीटर. कॅप्सूलवर ६० व्होल्टचा स्थिर दाब आहे आणि एक पास्काल ध्वनिदाबाने १० मिलिव्होल्टचा संकेत निर्माण झाला असे धरले, तर अंतरात झालेला बदल मूळ अंतराच्या सहा हजारांश, म्हणजे सुमारे ७ नॅनोमीटर ठरतो. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा साधारण दहा हजारावा भाग झाला. एक पास्काल हा दाब काही क्षीण ध्वनीचा नव्हे. मोठ्याने गाणाऱ्या गायकाच्या मुखाजवळ तो सहज आढळतो. यावरून पट्टिकेचा सपाटपणा, तिच्यातील भोकांची खोली आणि पटलाचा ताण यांत किती काटेकोरपणा लागतो हे दिसून येईल. प्रतिकृतींच्या गुणावगुणांचे अर्धे मूळ येथेच आहे.

उरलेले अर्धे मूळ विद्युत्‌ मंडलात आहे. कॅप्सूलची धारणा फार अल्प, काही दशक पिकोफॅरड एवढीच असते. तिच्यातील संकेत लांब तारेतून थेट नेता येत नाही. म्हणून ध्वनिग्राहकाच्या पोटातच एक निर्वात नलिका किंवा ट्रान्झिस्टर बसवून त्याचा संरोध कमी करावा लागतो. कॅप्सूलला जोडलेला रोध कित्येकदा एक गिगाओहम, म्हणजे शंभर कोटी ओहम इतका असतो. ८० पिकोफॅरड धारणेबरोबर अशा रोधाची खालची कंप्रता-मर्यादा सुमारे २ हर्ट्‌झ येते. श्रवणाच्या दृष्टीने एवढी खालची मर्यादा अनावश्यक वाटेल. परंतु रोध जितका मोठा तितका त्याचा औष्णिक गोंगाट श्रवणकक्षेच्या खाली ढकलला जातो, हे त्यामागील खरे कारण आहे.

आता ज्यांच्या प्रतिकृती केल्या जातात त्या मूळ उपकरणांकडे वळू. गेऑर्ग नॉयमान यांनी १९२८ साली बर्लिन येथे आपला कारखाना काढला आणि त्याच वर्षी सीएमव्ही ३ हा ध्वनिग्राहक बाजारात आणला. त्याच्या आकारामुळे त्याला ‘नॉयमानची बाटली’ असे नाव पडले. त्याच्या डोक्यावर निरनिराळ्या कॅप्सूल बदलून बसविता येत. त्यांतील एम ७ ही कॅप्सूल पुढे विख्यात झाली. एका सामाईक पट्टिकेच्या दोन्ही अंगांना दोन पटले आणि पट्टिकेत काही आरपार व काही अर्धवट खोल भोके, अशी तिची रचना होती. समोरून येणारा ध्वनी ग्रहण करावा आणि पाठीमागून येणारा टाळावा, हा हृदयाकृती दिशिक गुण या भोकांतील हवेच्या विलंबातून साधला जातो. ब्राउनम्यूल आणि वेबर या दोन जर्मन संशोधकांनी १९३५ साली हे तत्त्व मांडले, आणि आजच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या पटलाच्या कॅप्सूलचे कूळ तेथेच जाऊन मिळते.

महायुद्धातील बाँबवर्षावामुळे १९४३ साली नॉयमानचा कारखाना थुरिंगियातील गेफेल या खेड्यात हलविण्यात आला. युद्धानंतर गेऑर्ग नॉयमान बर्लिनला परतले. गेफेलचा कारखाना मात्र पूर्व जर्मनीत राहिला आणि पुढे सरकारच्या मालकीचा झाला. तेथे एम ७ कॅप्सूल करण्याचे काम खंड न पडता चालू राहिले. तेव्हा गेफेलच्या कॅप्सूलला प्रतिकृती म्हणावे की दुसरी पाती म्हणावे? नावाच्या मालकीवरून अस्सलपणा ठरवू पाहणाऱ्यांस हा प्रश्न अडचणीत टाकणारा आहे.

बर्लिनमध्ये १९४९ साली यू ४७ अवतरला. तोच एम ७, परंतु आता एका कळीने सर्वदिशिक वा हृदयाकृती असा गुण निवडता येऊ लागला. त्याच्या पोटात टेलेफुंकेनची व्हीएफ १४ ही पोलादी कवचाची नलिका होती. ती रेडिओसाठी बनविलेली होती, ध्वनिग्राहकासाठी नव्हे. तिच्या तंतूचा नियत दाब ५५ व्होल्ट. नॉयमानच्या मंडलात तो ३६ व्होल्टच्या आसपास ठेवला होता, म्हणजे नलिका मुद्दाम मंद तापवली जाई. अशा रीतीने वापरता येतील एवढ्या शांत नलिका निवडून काढाव्या लागत. पुढे तिचे उत्पादन थांबले आणि साठा आटत गेला, तेव्हा यू ४७ चाही शेवट जवळ आला. स्वतः नॉयमाननेच जुन्या यू ४७ धारकांसाठी त्या जागी न्यूव्हिस्टर बसविण्याची सोय केली. आज व्हीएफ १४ नसलेल्या प्रतिकृतीला ‘खोटी’ म्हणणारे जाणकार ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. एम ७ च्या पॉलिव्हिनाइल क्लोराइडच्या पटलाचीही अशीच कथा आहे. हा पदार्थ काळाबरोबर ताठर होतो, त्याचा ताण बदलतो. नॉयमानने पुढे के ४७ कॅप्सूल काढून पॉलिएस्टरचे पटल वापरले. साठ-सत्तर वर्षांचा जुना यू ४७ आज ऐकताना आपण १९४९ चा यू ४७ ऐकत नसतो. एक म्हातारा झालेला यू ४७ ऐकत असतो.

व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीने १९५३ साली सी १२ आणला. त्याची सीके १२ ही कॅप्सूल नॉयमानच्या कॅप्सूलहून वेगळ्या घडणीची. तिच्या पटलाला विद्युत्‌ जोड मध्यभागी नसून कडेला असतो, आणि तिचे वरच्या कंप्रतांचे ग्रहण तलम, मोकळे मानले जाते. पितळेची ही कॅप्सूल बनविणे फार कष्टाचे होते; एकेजीने स्वतःच पुढे आपल्या सी ४१४ मध्ये तिच्या जागी प्लॅस्टिकच्या साच्यातील सोपी कॅप्सूल घातली. टेलेफुंकेनच्या नावाने विकला गेलेला एला एम २५१ हासुद्धा एकेजीनेच सी १२ च्या कॅप्सूलवर बांधलेला होता. म्हणजे एकाचे उपकरण दुसऱ्याच्या नावाने विकण्याची प्रथा चिनी कारखान्यांनी सुरू केलेली नाही.

नॉयमानचे १९६० सालचे यू ६७ आणि १९६७ सालचे यू ८७ हे ध्वनिग्राहक प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे होत. यू ६७ मध्ये ईएफ ८६ ही नलिका होती, यू ८७ मध्ये तिच्या जागी क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टर आला. यू ६७ साठी तयार केलेल्या के ६७ कॅप्सूलमध्ये एका पट्टिकेऐवजी दोन अर्ध्या पट्टिका पाठीला पाठ लावून जोडलेल्या आहेत, त्यामुळे प्रत्येक अर्धा भाग वेगळा तयार करून, मोजून, जुळणारे जोडीदार निवडता येतात. कारखानदारीच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. आणि जी रचना मूळ कारखान्यास सोयीची तीच नक्कल करणारासही सोयीची, हे उघड आहे. जगातील बहुसंख्य स्वस्त मोठ्या पटलाचे ध्वनिग्राहक के ६७ च्या वंशातील आहेत, याचे एक कारण हे.

चीनमधील उत्पादनाचा इतिहासही लक्षात घेण्यासारखा आहे. बीजिंगच्या दाशानझी भागात पूर्व जर्मनीच्या साहाय्याने उभारलेला ७१८ हा संयुक्त कारखाना १९५७ साली सुरू झाला. १९६४ साली त्याचे विभाजन होऊन जे कारखाने निघाले त्यांपैकी ७९७ क्रमांकाचा कारखाना ध्वनि-विद्युत्‌ उपकरणांचा होता. (शेजारच्या ७९८ क्रमांकाच्या इमारतींत आज चित्रकारांची वसाहत आहे.) १९९० नंतरच्या दशकात अशा चिनी कारखान्यांतील कॅप्सूल व ध्वनिग्राहक पाश्चात्त्य कंपन्यांच्या नावांनी जगभर जाऊ लागले. सिडनीच्या रोड कंपनीचा आरंभ चिनी भागांवरच झाला. पुढे तिने स्वतःचा कारखाना उभारून स्वतःच्या कॅप्सूल बनविल्या. टेक्ससच्या वॉर्म ऑडिओने मूळ मंडल, रोहित्र आणि बाह्य रूप यांचेही जवळून अनुकरण करणारे ४७ आणि ८७ असे आकडे मिरविणारे ध्वनिग्राहक काढले. कायद्याच्या दृष्टीने यात फारसा पेच नाही. पेटंटची मुदत वीस वर्षांची आणि ही पेटंटे केव्हाच संपलेली. व्यापारचिन्ह मात्र नूतनीकरणाने चालूच राहते. म्हणून कॅप्सूल नॉयमानसारखी चालते, नाव चालत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. के ६७ ही कॅप्सूल एकटी मोजली तर तिचा प्रतिसाद सपाट नसतो. ४-५ किलोहर्ट्‌झच्या पुढे तो चढू लागतो आणि १० किलोहर्ट्‌झच्या परिसरात कित्येक डेसिबेलने वर जातो. हा दोष नव्हे. नॉयमानच्या अभियंत्यांनी तो हिशेबात धरलेला होता. यू ६७ च्या मंडलात, आणि नंतर यू ८७ च्याही, ऋण प्रतिसंभरणाची अशी योजना आहे की वरच्या कंप्रतांचे विवर्धन क्रमाने कमी होत जाते. (विवर्धकातून निघालेल्या संकेताचा काही अंश उलट्या दिशेने पुन्हा प्रवेशद्वारी आणून सोडणे म्हणजे ऋण प्रतिसंभरण.) कॅप्सूल जेवढे चढवते त्यातील पुष्कळसे मंडल उतरवते, आणि दोहोंच्या बेरजेतून तो परिचित, समतोल आवाज बाहेर पडतो. शिवाय या उतरवण्यात विवर्धकाचा वरच्या कंप्रतांतील फुसफुसाटही कमी होतो, हा आणखी एक लाभ.

बहुसंख्य स्वस्त ध्वनिग्राहकांत कॅप्सूल के ६७ च्या घडणीची आहे, मंडल मात्र वेगळ्याच घराण्याचे आहे. कार्ल्सरूहेच्या शॉप्स कंपनीचे रोहित्रविरहित ट्रान्झिस्टर-मंडल साधे, स्वस्त आणि अल्प विकृतीचे आहे. ते शॉप्सच्या लहान पटलाच्या, मुळातच सपाट प्रतिसादाच्या कॅप्सूलसाठी योजलेले आहे. ते जशी कॅप्सूल तसाच संकेत पुढे देते. के ६७ च्या पाठीशी ते जोडले की कॅप्सूलचा सारा चढ जसाच्या तसा ध्वनिमुद्रणात उतरतो. दोन्ही भाग आपापल्या जागी उत्तम असताना त्यांच्या जोडीतून कर्कश, काचेसारखा आवाज निघतो. स्वस्त धारित्र-ध्वनिग्राहकांविषयी जी सार्वत्रिक तक्रार ऐकू येते तिचे मूळ पुष्कळदा हीन धातूत किंवा चिनी कारागिरीत नसून या विजोड संबंधात असते. नक्कल करणाराने मूळ उपकरणाचे अवयव उचलले, अवयवांमधील नाते उचलले नाही. प्रथमदर्शनी हा चढ गिऱ्हाइकाला ‘स्पष्टता’ वाटतो आणि माल खपतो, ही गोष्टही या चुकीच्या दीर्घायुष्यास कारण झाली असावी.

हा चढ मराठी भाषेच्या अभ्यासकास कोठे नडतो ते पाहण्यासारखे आहे. मराठीत च आणि ज यांचे दोन उच्चार आहेत: तालव्य आणि दंत्य. चार ही संख्या आणि गुरांना चार ही आज्ञा. जग म्हणजे विश्व आणि जग ही जगणे या क्रियापदाची आज्ञा. लेखनात भेद नाही, कानाला मात्र तो तत्काळ कळतो. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने हा भेद मुख्यतः घर्षणध्वनीच्या शक्तीच्या वाटणीत आहे. तालव्य उच्चारात ही शक्ती खालच्या कंप्रतांपासून, साधारण अडीच-तीन किलोहर्ट्‌झपासून सुरू होते. दंत्य उच्चारात ती अधिक वर, ४-५ किलोहर्ट्‌झच्या पुढे एकवटते. हा भेद मोजण्याची एक रूढ रीत म्हणजे वर्णपटाचा गुरुत्वमध्य काढणे. ध्वनिग्राहक १० किलोहर्ट्‌झच्या आसपास चढ देत असेल तर दोन्ही उच्चारांचा गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि दोन्हींचा सारखाच सरकतो असेही नाही. एकाच ध्वनिग्राहकाने मुद्रित केलेल्या एकाच वक्त्याच्या दोन उच्चारांची तुलना तरीही टिकते. परंतु एका अभ्यासकाने मालवणात एका उपकरणाने आणि दुसऱ्याने चंद्रपुरात दुसऱ्या उपकरणाने मुद्रण केले, आणि त्या आकड्यांवरून बोलीभेदाविषयी निष्कर्ष काढला, तर त्यातील किती भाग बोलीचा आणि किती प्रतिकृतीचा हे सांगता येणार नाही. अमृत माधव घाटगे यांनी मराठी बोलींची जी वर्णने सिद्ध केली त्यांचे मुख्य साधन शिक्षित कान हे होते. आज मोजमाप यंत्राकडे गेले आहे, तेव्हा यंत्राचा कान तपासणे क्रमप्राप्त आहे.

संगीताच्या बाबतीत तंबोऱ्याचे उदाहरण बोलके आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना तंबोऱ्याच्या वक्र घोडीचा आणि तारेखाली सरकविलेल्या सुताचा विचार केला. तार जेथे छेडली तेथे ज्यांचा निस्पंद बिंदू येतो ते उपस्वरही तंबोऱ्यात ऐकू येतात, हे त्यांनी दाखविले. मिरजेचा कारागीर जवारी काढतो म्हणजे या उपस्वरांचा परस्परांशी असलेला तोल लावतो. सूत अर्ध्या केसाने सरकले तरी हा तोल बदलतो. एवढ्या नाजूकपणे लावलेल्या तोलावर ध्वनिग्राहकाने वरच्या अंगाला काही डेसिबेलचा आपला चढ लादला, तर मुद्रणात ऐकू येते ती कारागिराची जवारी राहत नाही. गायकाच्या मागे मंद चालणारा तंबोरा अशा मुद्रणात पुढे येतो, झणझणतो. आणि मुद्रण करणारा मग त्याची पातळी कमी करतो, तेव्हा त्याचा षड्जही दुबळा होतो. हार्मोनियमच्या पत्तीचा कर्कश अंशही याच रीतीने वाढतो.

या दोषाचा उपाय मात्र अनपेक्षितपणे स्वस्त आहे. मंडलातील उतार हा एक रेखीय गाळणी-संस्कार आहे. तो ध्वनिग्राहकाच्या पोटात केला काय आणि मुद्रणानंतर संगणकावर केला काय, फलित तत्त्वतः एकच. कॅप्सूल खरोखरीच के ६७ च्या घडणीची असून नीट बनविलेली असेल, तर सपाट मंडलाच्या स्वस्त ध्वनिग्राहकास योग्य उतार देऊन मूळ स्वरूपाच्या पुष्कळ जवळ आणता येते. मंडल बदलण्याची, रोहित्र घालण्याची जी खटपट हौशी तंत्रज्ञ करतात तिचा बराच भाग या एका संस्काराने साधतो. रोहित्राचा स्वतःचा परिणाम असतो, परंतु तो मुख्यतः खालच्या कंप्रतांत आणि मोठ्या संकेतांच्या वेळी प्रकट होतो.

जे संगणकाने दुरुस्त होत नाही ते कॅप्सूलमध्ये असते. दोन अंगांच्या पटलांचा ताण असमान असेल, भोकांची खोली नेमकी नसेल, तर दिशिक गुण बिघडतो: समोरून आलेल्या ध्वनीचा प्रतिसाद एक, बाजूने आलेल्याचा दुसरा. खोलीच्या भिंतींवरून परावर्तित झालेला ध्वनी सर्व बाजूंनी येतो आणि थेट ध्वनीत मिसळतो. एकदा मिसळल्यावर कोणतीही गाळणी त्यांना वेगळे करू शकत नाही, कारण गाळणीला कंप्रता कळते, दिशा कळत नाही. म्हणून प्रतिकृतीची परीक्षा केवळ समोरून करणे अपुरे आहे; ती ९० आणि १८० अंशांतूनही केली पाहिजे. विक्रेत्याच्या पत्रकावर छापलेला गुळगुळीत हृदयाकार हा बहुधा चित्रकाराचा असतो.

प्रत्येक बाबतीत मूळ श्रेष्ठ आणि प्रतिकृती हीन असे समजणेही बरोबर नाही. स्वगोंगाटाचेच उदाहरण घेता येईल. नॉयमानच्या यू ८७ एआयचा हृदयाकृती स्थितीतील स्वगोंगाट १२ डेसिबेल (ए-भारित) दिलेला आहे. त्याच्या किमतीच्या अल्पांशात मिळणाऱ्या रोड एनटी १-ए या ध्वनिग्राहकाचा ५ डेसिबेल. आधुनिक ट्रान्झिस्टर १९६७ च्या ट्रान्झिस्टरहून शांत आहेत, यापलीकडे त्यात गूढ काही नाही. आणि पुण्यातील रस्त्यालगतच्या सदनिकेत, जेथे रात्रीही पार्श्वगोंगाट ३० डेसिबेलच्या खाली उतरत नाही, तेथे १२ आणि ५ यांतील फरक ऐकू येण्याचा संभव नाही. अशा खोलीत गणेशोत्सवापूर्वीच्या ढोल-सरावाच्या काळात ध्वनिग्राहकांची तुलना करू पाहणाऱ्याने आधी जाड पडदे आणि गाद्या विकत घ्याव्यात, हे अधिक शहाणपणाचे. खोलीवर केलेला खर्च कोणत्याही ध्वनिग्राहकास उपयोगी पडतो.

पुण्याच्या हवेचा आणखी एक प्रश्न पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर या काळात सापेक्ष आर्द्रता वारंवार ८० टक्क्यांच्या वर जाते. ज्या बिंदूचा रोध शंभर कोटी ओहम आहे, तेथे निरोधकावर बसलेला ओलाव्याचा अदृश्य थर हीसुद्धा एक समांतर वाट ठरते. ही गळती स्थिर असती तर केवळ संवेदनशीलता घटली असती. पण ती क्षणोक्षणी बदलते आणि मुद्रणात तडतड, फटफट असे आवाज येतात. मूळ ध्वनिग्राहकांनाही हा विकार होतो. तथापि स्वस्त उपकरणांत जोडकामानंतर राहिलेला राळेचा अंश पुसलेला नसेल तर तो लवकर होतो, कारण त्या चिकट थरावर धूळ व ओलावा धरतो. तज्ज्ञ हाताने उच्च-रोध भाग शुद्ध अल्कोहोलने स्वच्छ केला तर कित्येक ‘बिघडलेले’ ध्वनिग्राहक बरे होतात. पटलाला मात्र हात लावू नये. सहा मायक्रोमीटरच्या पटलावरील सोन्याचा मुलामा एका पुसण्यात निघून जातो. पावसाळ्यात ध्वनिग्राहक सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवणे, आणि मुद्रणापूर्वी अर्धा-पाऊण तास विद्युत्‌ दाब देऊन ठेवणे, एवढ्याने पुष्कळ काम भागते. क्षेत्रकार्यासाठी, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, सेन्हायझरच्या एमकेएच जातीचे ध्वनिग्राहक पसंत केले जातात. त्यांत कॅप्सूल उच्च कंप्रतेच्या, अल्प संरोधाच्या मंडलात काम करते, म्हणून ओलाव्याची बाधा फारशी होत नाही. ते स्वस्त नाहीत, आणि त्यांच्या स्वस्त प्रतिकृतीही विशेष आढळत नाहीत. जे तत्त्व अवघड त्याची नक्कल कमी, असा हा प्रकार दिसतो.

तुलनेच्या पद्धतीविषयी थोडे. दोन ध्वनिग्राहक शेजारी ठेवून एकाच वेळी मुद्रण केले की तुलना निर्दोष झाली, असा समज आहे. १० किलोहर्ट्‌झ ध्वनीची तरंगलांबी केवळ ३·४ सेंटिमीटर असते. तेव्हा दोन ध्वनिग्राहकांमधील तीन-चार सेंटिमीटरचे अंतरही वरच्या कंप्रतांत वेगळे चित्र देते. स्थिर ध्वनिक्षेपकातून एकच संकेत पुन्हा पुन्हा वाजवून, एकाच बिंदूवर आळीपाळीने ध्वनिग्राहक बसविणे अधिक चांगले. पातळी दशांश-दोन दशांश डेसिबेलपर्यंत जुळवावी, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो आणि ऐकणाऱ्यास त्याचे कारण कळत नाही. कोणता नमुना कोणत्या उपकरणाचा हे ऐकणाऱ्यास सांगू नये. प्रयोगशाळेत प्रतिध्वनिरहित कक्ष नसला तरी प्रतिसाद मोजता येतो: आवेग-प्रतिसाद घेऊन, पहिले परावर्तन येण्यापूर्वीचे ४ मिलिसेकंद तेवढे राखले, तर २५० हर्ट्‌झच्या वरचा वक्र विश्वसनीय मिळतो. त्यासाठी थेट आणि परावर्तित मार्गांत सुमारे १·४ मीटरचा फरक असावा लागतो, आणि मध्यम आकाराच्या वर्गखोलीच्या मध्यभागी तो सहज मिळतो. ज्या चढाची चर्चा वर केली तो या २५० हर्ट्‌झच्या कितीतरी वर असल्यामुळे पदव्युत्तर वर्गाचा विद्यार्थीही एका दुपारी तो स्वतः मोजू शकेल.

अशी मोजणी एका प्रतिकृतीची करून तिच्या सर्व भावंडांस लागू करता येत नाही, ही शेवटची अडचण आहे. नॉयमानचा यू ८७ सुद्धा १९८६ साली यू ८७ एआय झाला तेव्हा बदलला: आतील विवर्तकाने कॅप्सूलवरील दाब ६० व्होल्टपर्यंत वाढला आणि संवेदनशीलता ८ वरून २८ मिलिव्होल्ट प्रति पास्काल झाली. पण तो बदल घोषित होता, नावातही दिसत होता. स्वस्त ध्वनिग्राहकाच्या बाबतीत कंपनी कॅप्सूल पुरविणारा कारखाना बदलते, मंडलातील ट्रान्झिस्टर बदलते, आणि बाहेरचे नाव तेच राहते. दोन वेगळ्या वर्षी घेतलेले एकाच नावाचे दोन ध्वनिग्राहक एकमेकांची प्रतिकृती नसणे अगदी संभवनीय आहे. यासाठी संग्रहातील प्रत्येक मुद्रणाच्या नोंदीत ध्वनिग्राहकाच्या नावाबरोबर त्याचा अनुक्रमांक, खरेदीचे वर्ष, त्यात केलेले फेरफार आणि त्या विशिष्ट नगाचा मोजलेला वक्र जोडून ठेवावा. मुद्रणावर उताराचा संस्कार केला असेल तर मूळ, असंस्कारित मुद्रण वेगळे जपावे, आणि संस्कार कोणत्या वक्राच्या आधारे केला तेही त्याच नोंदीत लिहावे.